समान भाड्याचा असमान हिशेब

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न दोन्हीकडून ऐकावा लागतो. महाराष्ट्रातले नातेवाईक विचारतात, "एवढे मोठे शहर, मग मागे का पडले?" आणि इथले बंगाली सहकारी कधी थट्टेने, कधी खऱ्या खंतीने म्हणतात की मुंबई आमच्या जिवावर मोठी झाली. उत्तरेही दोन्हीकडे ठरलेली असतात. तिकडे म्हणतात, बंगाली माणूस अड्ड्यात रमतो आणि ऊठसूट संप करतो. इकडे म्हणतात, दिल्लीने सावत्रपणाची वागणूक दिली.

या दोन्ही उत्तरांच्या मधे धोरणाचा एक खराखुरा इतिहास दडलेला आहे. तो आपल्या मंडळींत फारसा बोलला जात नाही, कारण त्याचे नावच रूक्ष आहे: 'मालभाडे समानीकरण'. १९५६ ते १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीन दशके, हे धोरण चालले. त्याचा फायदा ज्या प्रांतांना झाला त्यांत महाराष्ट्र होता आणि तोटा ज्यांना झाला त्यांत बंगाल होता. आपली मुळे एका प्रांतात आणि चूल दुसऱ्या प्रांतात. तेव्हा हा हिशेब निःपक्षपातीपणे मांडण्याचा अधिकार, आणि थोडी जबाबदारीही, आपल्यावर येते असे मला वाटते.

देउस्करांचा प्रश्न

बंगालमध्ये राहून अर्थकारणाचा हिशेब मांडणारा मराठी माणूस ही काही नवी गोष्ट नाही. सखाराम गणेश देउस्कर यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी त्यांचा जन्म झाला. तो भाग तेव्हा बंगाल प्रांतात होता, आज तो झारखंडमध्ये आहे. घर मराठी, पण लेखणी बंगाली. कोलकात्याच्या 'हितवादी' पत्रात त्यांनी काम केले, १९०२ मध्ये या शहरात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि रवींद्रनाथांची 'शिवाजी उत्सव' ही कविता १९०४ मध्ये त्यांच्याच निमित्ताने लिहिली गेली. १९०६च्या जून महिन्यात याच उत्सवासाठी लोकमान्य टिळक कोलकात्यात आले होते.

त्याच १९०४ साली देउस्करांचे 'देशेर कथा' हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध झाले. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि डिग्बी यांनी इंग्रजीत जमवलेली आकडेवारी त्यांनी सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत मांडली. विणकर कसा बुडाला, शेतसारा किती, रेल्वेचा लाभ कुणाला, देशाची संपत्ती बाहेर कशी जाते, असे त्यातले विषय होते. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बाबूराव विष्णु पराडकर यांनी ते हिंदीत नेले.

त्याआधी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी सांगितले होते की इंग्लंडमध्ये ठरलेले अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इथली परिस्थिती पाहूनच धोरण ठरले पाहिजे. रानड्यांचा हा विचार आणि देउस्करांचा प्रश्न एकत्र ठेवले तर विकासाच्या कोणत्याही योजनेला विचारण्याजोग्या दोन गोष्टी हाती लागतात. ही योजना या मातीला मानवते का? आणि तिचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? स्वराज्य आल्यावर हे प्रश्न संपायला हवे होते. ते संपले नाहीत.

कोळसा जिथे, पोलाद तिथे

मुंबई मेलने किंवा गीतांजलीने गावी जाताना खिडकीतून एक आर्थिक नकाशाच दिसतो. टाटानगर, राऊरकेला, भिलाई ही तीन पोलाद केंद्रे त्या एकाच मार्गावर लागतात. पुढे नागपूर, वर्धा, अकोला हा कापसाचा मुलूख येतो. हा नकाशा माणसाने काढलेला नाही, तो जमिनीच्या पोटातल्या संपत्तीने काढला आहे.

जमशेदजी टाटांची कहाणी यासाठी मुद्दाम आठवावी. १८७७ मध्ये त्यांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात. कारण कापूस तिथे होता. पोलादाचा विचार त्यांच्या मनात आला तेव्हाही त्यांची नजर प्रथम आपल्या विदर्भाकडेच गेली होती. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला उपयोगी पडेना. पुढे दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग भागातील लोखंडाचे साठे दिसले. १९०४ मध्ये प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील गुरुमहिषाणीच्या लोखंडाची माहिती टाटांना दिली. झरियाचा कोळसा तिथून जवळ होता. अखेर साकची गाव ठरले, १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. मुंबईचे भांडवल पूर्वेकडे आले, ते माल पूर्वेकडे होता म्हणून.

या नैसर्गिक अनुकूलतेवर हावडा उभे राहिले. टाटानगर हावड्यापासून रेल्वेने सुमारे २५० किलोमीटर, मुंबईपासून सुमारे १७०० किलोमीटर. बर्न, जेसप, ब्रेथवेट यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या गल्लीबोळांतल्या शेकडो ओतशाळा, लेथ मशीनची दुकाने. रेल्वेच्या वाघिणी, पुलांचे सांगाडे, पंप, नट-बोल्ट असे सगळे इथे होई. हावड्याला पूर्वेचे शेफील्ड म्हणत, ते उगाच नव्हे.

बरानगरची योजना

स्वातंत्र्यानंतर देशापुढे प्रश्न होता तो सगळ्याच नवस्वतंत्र देशांपुढे होता. भांडवल थोडे, माणसे पुष्कळ, अन्नधान्य अपुरे. मग आधी कशावर खर्च करायचा? या प्रश्नाचे सरकारने स्वीकारलेले उत्तर आपल्याच शहराच्या उत्तर टोकाला तयार झाले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बरानगरला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा आकाराला आला. मार्च १९५५ मध्ये तो सादर झाला. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी आपल्याकडे बनली पाहिजेत आणि त्यासाठी पोलाद हवे, हे त्याचे सार. भिलाई, राऊरकेला आणि दुर्गापूर हे तीन सरकारी पोलाद कारखाने अनुक्रमे रशिया, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनच्या साहाय्याने याच काळात उभे राहिले.

मुंबईहून याला विरोधही झाला. मुंबई विद्यापीठाचे चं. न. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की ज्या देशात कामगाराला पोटभर अन्न आणि अंगभर कपडा मिळत नाही, तिथे आधी या गोष्टींचे उत्पादन वाढवले पाहिजे. त्यातूनच रोजगार वाढेल. हा वाद आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पोलादाला देशाच्या प्रगतीचे केंद्रस्थान मिळाले. साहजिकच पुढचा प्रश्न आला: हे पोलाद सर्वांना सारखे मिळावे कसे?

योजना चालायची कशी

१९५६ मध्ये केंद्र सरकारने ठरवले की पोलाद देशातल्या कोणत्याही रेल्वे-केंद्रावर एकाच भावाने मिळावे. सिमेंटलाही अशीच व्यवस्था लागू झाली. कल्पना पोस्टकार्डासारखी. पत्र शेजारच्या गावी जावो की कन्याकुमारीला, कार्डाची किंमत एकच.

हिशेब असा. समजा, कारखान्यापासून हावड्यापर्यंत एक टन पोलाद आणायला खरे भाडे २० रुपये आणि मुंबईला न्यायला १२० रुपये. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) दोन्हीकडे सारखाच माल जात असेल तर सरासरी ७० रुपये. तेवढी रक्कम प्रत्येक टनाच्या किमतीत मिळवायची. हावड्याचा ओतशाळेवाला २० ऐवजी ७० रुपये भरणार. त्याने जास्त भरलेले ५० रुपये समानीकरण निधीत जमा होणार आणि मुंबईच्या कारखानदाराच्या भाड्यातली ५० रुपयांची तूट त्यातून भरून निघणार. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा जात नाही. अंदाजपत्रकात कुठे अनुदान दिसत नाही. एका प्रांताचा उद्योग दुसऱ्या प्रांताच्या उद्योगाचे गाडीभाडे भरतो आणि दोघांनाही ते जाणवत नाही.

विशेष म्हणजे या निधीचा कारभार पाहणाऱ्या संयुक्त संयंत्र समितीचे मुख्य कार्यालय कोलकात्यातच होते.

अठराव्या शतकात, १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत, आपल्या पूर्वजांच्या फौजा बंगालमध्ये आल्या आणि शेवटी नवाब अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. त्या बर्गींची आठवण इथल्या आया अजून पाळण्याजवळ काढतात. मालभाड्याच्या रूपाने जी चौथ गेली, तिच्यासाठी मात्र कुणाला घोडा दौडवावा लागला नाही, म्हणून तिची आठवणही कुणी काढत नाही.

तरीही धोरण आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटिशांच्या काळात उद्योग कोलकाता, मुंबई यांसारख्या बंदरांभोवतीच गोळा झाले होते. पंजाबच्या शेतकऱ्याला नांगर, तमिळनाडूच्या कारागिराला पंप आणि मराठवाड्यातल्या धरणाला सिमेंट महाग पडू नये, देशाचा कोणताही भाग केवळ अंतरामुळे मागे राहू नये, ही भूमिका होती. फाळणीच्या जखमा ओल्या असताना देश एकसंध ठेवण्याचाही तो विचार होता.

कापसाचे काय?

गोम दुसरीकडेच होती. समानता एका मालाला दिली आणि दुसऱ्याला नाही. पोलाद पूर्वेकडे होते, त्याचे भाडे समान झाले. कापूस विदर्भ, खानदेश, गुजरातेत होता, त्याचे भाडे समान झाले नाही. हुगळीकाठच्या सूतगिरणीला कापसाच्या गाठींचे संपूर्ण भाडे भरावे लागे. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना जवळच्या कापसाचा लाभ पूर्वीसारखाच मिळत राहिला. म्हणजे पूर्वेची अनुकूलता सगळ्या देशात वाटली गेली आणि पश्चिमेची पश्चिमेकडेच राहिली.

बंगालचे म्हणणे नेमके हेच होते. १९७७ ते १९८७ या काळात राज्याचे अर्थमंत्री असलेले अशोक मित्र हा मुद्दा सतत मांडत राहिले. सर्वांत मोठा फटका खरे तर बंगालला नव्हे, तेव्हाच्या बिहारला, म्हणजे आजच्या झारखंडला, आणि ओडिशाला बसला असे म्हणता येईल. हावड्याला निदान जुना उद्योग तरी होता. ज्यांच्याकडे केवळ खाणी होत्या त्यांच्याकडे नवा उद्योग येण्याचे मुख्य कारणच नाहीसे झाले. जमीन गेली, जंगल गेले, धूर मात्र आला. माल दाराशी निघत असूनही कारखाना दाराशी काढण्यात कुणाला फायदा दिसेना. सिंगभूमचा आदिवासी तरुण रोजगारासाठी त्याच पोलादाच्या मागोमाग पश्चिमेकडे जाऊ लागला.

अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे जुनी आकडेवारी तपासून दाखवले आहे की पोलाद वापरणारे उद्योग या धोरणामुळे पूर्वेकडून खरोखरच हलले, मात्र एकदम नव्हे, हळूहळू. उभा कारखाना कुणी खांद्यावर घेऊन जात नाही. जुना चालू राहतो, पण पुढचा नवा कारखाना दुसरीकडे निघतो. म्हणूनच पहिली दहा-पंधरा वर्षे कुणाला फारसे कळले नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय वाहतूक धोरण समितीने ही व्यवस्था संपवावी असे सुचवले. तरी ती संपायला आणखी दशकभर लागले.

सगळा दोष भाड्याचा नाही

एवढे सांगून थांबलो तर मी बंगाली मित्रांना खूश करीन, पण इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही. बंगालच्या घसरणीला इतर कारणेही तितकीच बळकट आहेत.

फाळणीने तागाच्या गिरण्या इकडे ठेवल्या आणि ताग पिकवणारी बरीचशी जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. लाखो निर्वासित आले आणि त्यांचा ओघ पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. १९५१च्या उद्योग कायद्याने प्रत्येक मोठ्या कारखान्याला दिल्लीचा परवाना आवश्यक केला. १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी मिळाली, रेल्वेने वाघिणींच्या मागण्या कमी केल्या आणि हावड्याचा अभियांत्रिकी उद्योग एका फटक्यात आजारी पडला. पाठोपाठ १९६७ पासून घेरावांचे पर्व आले. व्यवस्थापकाला तासन्‌तास कोंडून ठेवण्याची ही पद्धत इतकी गाजली की 'घेराव' हा शब्द इंग्रजी कोशात गेला. सत्तरच्या दशकात नक्षलवादी चळवळ, विजेची टंचाई, बंद पडणारी दारे. कंपन्यांनी मुख्य कार्यालये हलवली. त्यांतल्या काही निर्णयांना केवळ मालभाडे कारणीभूत नव्हते, हे उघड आहे.

दुसरीकडे महाराष्ट्राची प्रगती काही फक्त स्वस्त पोलादावर झाली नाही. राज्य १९६० मध्ये झाले आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. जमीन, पाणी, रस्ते, वीज तयार ठेवून उद्योजकाला बोलावण्याची ही पद्धत होती. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देण्यात आल्या. सहकारी साखर कारखाने तर त्याआधीच उभे राहिले होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन जो कारखाना काढला, तो शेताच्या बांधावरचा उद्योग होता. टेल्को १९४५ मध्ये जमशेदपुरात सुरू झाली आणि तिने साठच्या दशकात दुसरा कारखाना पुण्याला काढला. त्यामागे समान भावाचे पोलाद असेल, तसे पिंपरी-चिंचवडचे कुशल कामगार आणि आसपासचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योजकही असतील. एका कारणावर सगळे ढकलणे सोपे असते. धोरणांचा इतिहास इतका सोपा नसतो.

आपल्या घरातला अनुशेष

महाराष्ट्राला जो लाभ झाला तो सगळ्या महाराष्ट्राला झाला का, हेही विचारायला हवे. तो प्रामुख्याने मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात राहिला. ज्या चांदा जिल्ह्यात जमशेदजींनी पोलादाचे स्वप्न पाहिले होते, तो आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग कोळसा आणि वीज देत राहिला, पण उद्योगांची दाटी पश्चिमेकडेच झाली. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने १९८४च्या अहवालात विभागवार तुलना करून सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत कायमचा रुजला. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. विदर्भ-मराठवाड्याची तक्रार आणि पूर्व भारताची तक्रार यांचा सूर एकच आहे.

मग मागास भागाला हात द्यायचा कसा? याचे वेगळे उत्तर १९६९ मध्ये गाडगीळांनीच दिले. तेव्हा ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते. केंद्राची मदत राज्यांना वाटण्यासाठी त्यांनी सूत्र घालून दिले: ६० टक्के लोकसंख्येप्रमाणे, १० टक्के दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांवर, १० टक्के चालू मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. या सूत्रावर टीका झाली, त्यात पुढे बदलही झाले. पण त्याचा मोठा गुण असा की कुणाला किती आणि का मिळाले, ते कागदावर सर्वांना दिसत होते. मालभाड्याच्या निधीत ते दिसत नव्हते.

आपल्या दोन्ही प्रांतांनी गरिबांपर्यंत थेट पोचणारी कामेही केली आहेत. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यात आजमावली गेली, १९७२च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. बंगालमध्ये १९७८ पासून बर्गादारांची, म्हणजे बटाईने जमीन कसणाऱ्यांची, नोंदणी झाली. सुमारे १४ लाख कुटुंबांचा कसण्याचा हक्क कागदावर आला. या योजनांतही दोष होते. पण लाभार्थी कोण, हे त्यांत स्पष्ट होते.

इतर देशांचे अनुभव

कच्चा माल एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा, हे दुखणे जगभरच्या विकसनशील देशांचे आहे. घाना देशाने १९६०च्या दशकात व्होल्टा नदीवर अकोसोंबोचे प्रचंड धरण बांधले. त्याची वीज अ‍ॅल्युमिनियमच्या परदेशी कंपनीला स्वस्तात दिली. घानाकडे स्वतःचे बॉक्साइट होते, तरी टेमाचा कारखाना बाहेरून आणलेल्या अ‍ॅल्युमिनावर चालला. खाणीपासून भांड्यापर्यंतची साखळी देशात उभी राहिलीच नाही.

याउलट बोत्स्वानाने हिऱ्यांच्या बाबतीत चिकाटीने वाटाघाटी केल्या आणि २०१३ मध्ये डी बिअर्स कंपनीचे हिरे निवडण्याचे व विकण्याचे काम लंडनहून आपल्या राजधानीत, गाबोरोनला, आणवले. इंडोनेशियाने २०२० पासून निकेलची कच्ची माती बाहेर पाठवण्यास बंदी घातली आणि शुद्धीकरणाचे कारखाने आपल्या बेटांवर यायला भाग पाडले. त्यातून प्रदूषणाचे आणि परकीय भांडवलाचे नवे प्रश्न उभे राहिले आहेत, हेही खरे. पण हे स्वतंत्र देश होते, म्हणून त्यांना आपल्या मालाचा आग्रह धरता आला. झारखंडला, ओडिशाला किंवा बंगालला देशांतर्गत तशी सीमा घालता येत नाही, आणि घालूही नये. म्हणूनच केंद्राने धोरण ठरवताना जास्त जपायला हवे.

हिशेब कुठे आला

१९९१ मध्ये परवाना पद्धत बरीचशी संपली आणि त्यानंतर लवकरच पोलादाचे भाडे समानीकरणही गेले. १९९४ मध्ये बंगाल सरकारने खाजगी भांडवलाचे स्वागत करणारे औद्योगिक धोरण जाहीर केले. पण तोपर्यंत देशाचे अर्थकारण पोलादावरून संगणक आणि सेवांकडे वळू लागले होते. २००६ ते २००८ मध्ये सिंगूरला जे घडले ते आपल्या डोळ्यांदेखत घडले. शेतकऱ्याची जमीन कोणत्या मार्गाने घ्यावी, याचे उत्तर न सापडल्याने मोटारीचा कारखाना साणंदला गेला. २०१४ मध्ये उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडरही थांबली.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ मधील एका अभ्यासाप्रमाणे १९६०-६१ मध्ये देशाच्या उत्पन्नात पश्चिम बंगालचा वाटा सुमारे साडेदहा टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो सुमारे साडेपाच टक्क्यांवर आला. दरडोई उत्पन्न तेव्हा देशाच्या सरासरीहून सुमारे सव्वापट होते, आता ते सरासरीच्या खाली आहे. महाराष्ट्राचा वाटा सुमारे १३ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. मालभाड्याचे धोरण जाऊन ३० वर्षे उलटल्यावरही घसरण थांबलेली नाही. त्यामुळे आजच्या परिस्थितीसाठी जुन्या धोरणाकडे बोट दाखवून बंगालच्या राज्यकर्त्यांची सुटका होत नाही. आणि एके काळी ते धोरण होते, हे विसरून महाराष्ट्रालाही केवळ स्वतःच्या कर्तबगारीचा टिळा लावता येत नाही.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की खनिजांच्या हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. खाणींच्या राज्यांना यातून उत्पन्न मिळेल, तसे पोलाद, सिमेंट, वीज महागण्याची भीतीही व्यक्त होते आहे. म्हणजे समान भाव की स्थानिक हक्क, हा १९५६चा प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपात पुढे आला आहे. वस्तू जिथे वापरली जाते तिथल्या राज्याला महसूल देणाऱ्या जीएसटीच्या रचनेवरूनही कारखाने असलेल्या आणि ग्राहक असलेल्या राज्यांत मतभेद आहेत.

या सगळ्यातून मला तीन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. पहिली, कुठलीही 'समान' योजना आली की ती कोणत्या मालाला लागू आहे आणि कोणत्या मालाला नाही, हे पाहावे. दुसरी, मदत द्यायची तर ती उघड अंदाजपत्रकातून द्यावी, शेजाऱ्याच्या भाड्यात लपवू नये. तिसरी, धोरणाला मुदत असावी. मालभाड्याच्या धोरणाचा दर दहा वर्षांनी फेरविचार झाला असता तर १९६६ मध्येच हावड्याचे म्हणणे ऐकले गेले असते. तेव्हा वाघिणींचे काम थांबले होते, पण ओतशाळा अजून जिवंत होत्या. धोरण उशिरा का होईना बदलता येते. पण ज्या कारागिराचे लेथ त्या पंचवीस वर्षांत भंगारात गेले, त्याच्या मुलाला ते हात पुन्हा मिळाले नाहीत.

देउस्करांना बंगाली वाचकांनी आपले मानले, कारण ज्या मातीत ते राहिले तिचा हिशेब त्यांनी तिच्याच भाषेत मांडला. आपल्यापैकी किती तरी जण इथल्या बँकांत, रेल्वेत, कारखान्यांत, महाविद्यालयांत आयुष्यभर काम करीत आले आहेत. मुले इथेच वाढली. त्यांना शिवरायांचा इतिहास सांगावा, बर्गींचाही सांगावा आणि त्यासोबत हा मालभाड्याचा इतिहासही सांगावा. दोन्ही प्रांतांना आपले म्हणणाऱ्या माणसाला तो माहीत असायलाच हवा.